यादीतली पाचवी ओळ

शनिवारी फेरारात धुकं
दुकानांच्या आधी उघडतं.
बाबांनी यादी दिली, गॅसच्या बिलामागे लिहिलेली,
म्हणाले, ओल्या पानांवर ब्रेक लागत नाहीत,
हे तुला सांगायला नको.
पन्नाशी उलटली माझी.
दर ऑक्टोबरात हे मला सांगायला नको असतं
आणि ते सांगतात.

सायकल आईची. काळी, मधल्या दांड्याविना,
पुढे वेताची टोपली, तिचा एक कान तारेनं शिवलेला.
मडगार्डात लिंडनचं पान अडकलंय,
चाकाच्या दर फेऱ्याला खस्स म्हणतं.
गल्लीतल्या गोट्यांवरून जाताना
घंटी आपोआप वाजते,
लोक उगाच बाजूला होतात,
मी उगाच माफी मागते.

बूट, पाव, भोपळा, वाचनालयाचं पुस्तक
आणि पाचवी ओळ.
एक उभी रेघ, मग लाटा, मग लाटाच.
वर्षभर हात असाच चालतो त्यांचा,
सहीसाठी बँकेत दोनदा बोलावतात.

चांभार प्रीमोनं टाच ठोकता ठोकता कागद पाहिला.
लेस, म्हणाला. तपकिरी. दुसरं काय असणार?
पाववाल्या नीवेसबाईंनी
चार शिंगांचा पाव कागदात गुंडाळला,
चष्मा कपाळावरून नाकावर आणला:
खमीर लिहिलंय, स्वच्छ तर आहे!
औषधांच्या दुकानातला नवा मुलगा
डॉक्टरांची अक्षरं वाचून वाचून तयार झालेला,
पापणी न हलवता म्हणाला, मॅग्नेशियम.
हार्डवेअरवाल्या आर्जेओंनी वाचलंही नाही नीट,
मुठीतून एक नट काढून टोपलीत टाकला.
आठचा. पैसे राहू देत. तुझ्या बापाला सांग,
पत्त्यांचे चौदा युरो अजून बाकी आहेत.

मी सगळं घेत गेले.
नाही म्हणायला मला काय माहीत होतं?

भाजीवाली लुदमिला मोल्दोव्हाची.
तिनं भोपळा निवडला, कंबर असलेला, लांब मानेचा,
देठाला धरून बाळासारखा तोलला,
मग कागद उलटा केला, सुलटा केला.
हे नाव आहे, म्हणाली. कुणा माणसाचं.
कुणाचं?
ते मला कसं कळावं, बाई, मी भोपळे विकते.

वाचनालय विसरले.
तटावरच्या वाटेनं आले, लांबून,
टोपली जड, हँडल डावीकडे ओढतंय,
धुक्यातून एक माणूस पळत आला आणि धुक्यात गेला.
खस्स. खस्स.
कुणाचं नाव?
आईचं तर पाच अक्षरांत संपतं.
उतारावर ब्रेक दाबले,
ओल्या पानांवर खरंच लागले नाहीत.
भिंतीला पाय लावून थांबले एकदाची,
भोपळा शाबूत, पावाचं एक शिंग गेलं.

बाबांनी यादी खिडकीशी धरली.
मग लांब धरली.
मग डोळे मिटून बोटानं चाचपली,
जणू कागदाला आठवत असेल.
माझंच अक्षर? म्हणाले.
मी म्हटलं, शंका आहे का?
हसले. ते मला बरं वाटलं आणि नाहीही वाटलं.

लेस त्यांनी खिशात घातली,
खमीर फडताळात, मॅग्नेशियमकडे पाहिलं नाही.
नट मात्र हातात घोळवत खाली अंगणात गेले,
मला म्हणाले, पाना आण, आणि धर.
मी धरला. ते सांगत राहिले,
डावीकडे, अगं डावीकडे, तुझं डावं.
मडगार्ड सैल झालं,
पान गळून फरशीवर पडलं,
ओलं, काळपट, अजून पानच.
आर्जेओंचा नट मळसूत्रावर
सैल फिरला, धरेना.

दहाचा लागतो, म्हणाले.
हात पँटला पुसले,
पुढच्या शनिवारी लिहितो.